ऐकणावळ

मराठी माणूस तीन गोष्टींवर मत देताना त्या विषयाचं ज्ञान होण्याची वाट पाहत बसत नाही. एक म्हणजे नाटक, दुसरी शेजाऱ्याच्या मुलानं दहावीनंतर घ्यायची शाखा आणि तिसरी चालू इंजिनातून येणारी कुईकुई. पहिल्या दोन विषयांवर आजवर उदंड समीक्षा झाली. तिसरा मात्र उपेक्षित राहिला. रात्रीच्या मैफलीत बुवांचा पंचम जरासा हलला तर सकाळच्या पेपरात त्याचा पंचनामा येतो; पण रोज सकाळी सात वाजता सोसायटीच्या आवारात, बॉनेटच्या पडद्याआड जी मैफल रंगते, तिच्यावर चार ओळी लिहायला कुणी समीक्षक फिरकत नाही. ही उणीव भरून काढावी म्हणून हा लेख. तो समीक्षेचा आहे हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर वाचून गाडी दुरुस्त होईल या भाबड्या आशेनं कुणीतरी हातात पाना घेऊन वाचायला बसायचा.

या विषयाला शास्त्राधार नाही, असं कृपा करून समजू नका. नवव्या शतकात काश्मिरात, अवंतिवर्मा राजाच्या काळात आनंदवर्धन नावाचे थोर पंडित होऊन गेले. त्यांनी 'ध्वन्यालोक' लिहिला आणि ध्वनी हाच काव्याचा आत्मा, असं ठासून सांगितलं. त्यांचा ध्वनी म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे, शब्दांतून सूचित होणारा अर्थ, हे मराठीचे प्राध्यापक मला सांगायला येण्यापूर्वीच मी सांगून टाकतो. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. तो जुळेना तर शेजारचा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. आणि या दोघींच्याही पलीकडे जे मनाला कळतं ती व्यंजना. शास्त्री लोक यासाठी गंगेवरच्या गवळीवाड्याचा दाखला देतात. आपण घरचा घेऊ. "आमचं घर वालधुनीवर आहे" असं अंबरनाथ-उल्हासनगरकडचा माणूस म्हणाला, तर घर नदीच्या पाण्यात नाही, काठावर आहे, ही लक्षणा. गंगेवरच्या वाड्याच्या बाबतीत शीतलता आणि पावित्र्य ही व्यंजना. वालधुनीच्या बाबतीत व्यंजना ऐकणाऱ्याच्या नाकाला कळते.

आता हेच शास्त्र कुईकुईला लावून बघा. पट्टा ओरडतोय, ही झाली अभिधा. पट्टा ओरडत नाही, पट्टा ज्यावरून फिरतो ती पुली ओरडतेय, ही लक्षणा. आणि पुलीच्या पोटातल्या बेअरिंगचं ग्रीस आटत आलंय, एक दिवस ते अडकेल, पट्टा तुटेल, त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरत असेल तर इंजिन तापेल आणि तुम्ही सहकुटुंब कर्जतच्या रस्त्यावर भर दुपारी बॉनेट उघडून उभे राहाल, ही व्यंजना. स्थायीभाव शोक, रस करुण. ज्याला नुसती अभिधा कळते तो पट्टा बदलतो. ज्याला व्यंजना कळते तो मेकॅनिक.

या कामाला मराठीइतकी तयार भाषा क्वचितच सापडेल. खडखड, घरघर, खरखर, किरकिर, कुरकुर, टकटक, फुरफुर, चिवचिव, कुईकुई! मोल्सवर्थसाहेबानं १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश छापला, तेव्हा जगात मोटार नव्हती. पण आवाजाच्या नकलेवरून झालेले शब्द त्यानं जागोजाग टिपून ठेवलेले दिसतात. जणू पुढं कुणाला तरी गॅरेजात लागतील म्हणून! कारण यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक पत्ता आहे. टकटक बहुधा टॅपेटची. घरघर फुटक्या सायलेन्सरची. कुरकुर सस्पेन्शनच्या रबरी बुशांची. ती इंजिनाची नव्हेच. खरखर कोरड्या बेअरिंगची. एक लांबलचक किंचाळी आली आणि गाडीला रेस दिल्यावर ती वाढली, तर पट्टा ढिला पडून घसरतोय. आणि तालात, एकेका फेऱ्याला एकेक, चिमणीसारखी चिवचिव आली, तर पट्टा ठीक आहे, पण पुल्या एका रेषेत नाहीत.

इतकी समृद्ध भाषा ज्याच्या तोंडात, तो मराठी गृहस्थ गॅरेजात जातो आणि म्हणतो, "आवाज येतो."

"कसला आवाज?"

"असा... येतो."

संपलं! शिकलेल्या माणसाला चारचौघांत तोंडानं कुई करायची लाज वाटते. घरी नातवापुढं तो वाघ होतो, आगगाडी होते, वेळ पडली तर प्रेशर कुकरही होतो. पण गॅरेजात उभा राहिला की त्याचा राजपत्रित अधिकारी होतो. अमेरिकेत बोस्टनच्या रेडिओवर १९७७ साली टॉम आणि रे मॅग्लिओझी या दोन भावांनी गाड्यांच्या तक्रारींचा कार्यक्रम सुरू केला. १९८७ पासून तो देशभर ऐकू जाऊ लागला आणि २०१२ पर्यंत नवे भाग होत राहिले. दोघंही एमआयटीसारख्या संस्थेतले पदवीधर, आणि धंदा गॅरेजचा. फोन करणाऱ्याला ते सांगत, आवाज काढून दाखवा. मग चांगले पोक्त लोक देशभराच्या कानांदेखत कुंईऽ आणि खर्रऽ करून दाखवत, आणि हे दोघे पोट धरून हसत हसत निदान करत. आपल्याकडे असा कार्यक्रम निघाला असता तर पहिला श्रोता "नमस्कार, मी आपल्या कार्यक्रमाचा नियमित श्रोता आहे" यातच वेळ संपवता.

पूर्वी असं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून फियाट आणि पुढं पद्मिनी निघत, त्या काळात मालकाला आपल्या गाडीचा प्रत्येक आवाज तोंडपाठ असे. हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा विनोद त्याच काळातला. पण त्यात तक्रारीपेक्षा ओळख जास्त होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, आणि तिच्याबरोबर नुसत्या आवाजावरून "चोक अजून बाहेर आहे, आत ढकला" असं गॅलरीतून ओरडून सांगणारी पिढीही. आताच्या गाड्या इतक्या गप्प असतात, की तिनं जरा तोंड उघडलं तरी मालकाला घाम फुटतो. एकत्र कुटुंबात कुणी चढ्या आवाजात बोललं तर कुणी मान वर करत नाही. राजाराणीच्या संसारात नुसतं भांडं आपटलं तरी माहेरी फोन जातो. तसलाच प्रकार.

असो. प्रस्तावना पुष्कळ झाली. प्रत्यक्ष कलाकृतीकडे वळू.

आमची गाडी कोणत्या कंपनीची हे मी सांगत नाही. कुईकुई ही कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही, आणि समीक्षकानं निःपक्षपाती असावं. मागच्या श्रावणात एका ओल्या सकाळी तिनं पहिला स्वर लावला. चाल मध्य लयीतली, स्वर तार सप्तकातला, कालावधी दोन-तीन मिनिटं. गाडी तापली की मैफल समाप्त. आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत या पदार्पणाची ताबडतोब दखल घेतली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं मत पडलं की बॉनेटमध्ये मांजराचं पिल्लू अडकलंय. त्यांनी वाटीभर दूधही खाली पाठवलं. दूध देणारा भय्या म्हणाला, साबण लावा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त फोरमनकाका गॅलरीतूनच म्हणाले, "पट्टा! दुसरं काही असू शकत नाही." आमच्या सौ. म्हणाल्या, "आपला मिक्सर जायच्या आधी अस्साच ओरडत होता." या साऱ्या अभिप्रायांत मला सौ.चा अभिप्राय सर्वांत गंभीर वाटला, कारण त्याच्या पोटात नव्या मिक्सरची व्यंजना होती.

या जातीच्या आवाजाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो मेकॅनिकसमोर येत नाही. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच पोराचा ताप उतरावा, तसा गॅरेजच्या फाटकाशी तो गप्प होतो. लोक याला गाडीचा वाह्यातपणा समजतात. यात वाह्यात काही नाही. पट्टा रबरी असतो. रात्रभर गार पडलेला, सर्दावलेला पट्टा सकाळी ओरडतो. घरापासून गॅरेजपर्यंत जाईस्तोवर तो तापून मऊ होतो आणि पुलीला नीट धरतो. पावसाळ्यात मिनिटभर ओरडून गप्प बसणारा पट्टा पुष्कळदा नुसता ओला असतो, त्याला माफ करावं. रोज ओरडणाऱ्याला मात्र वैद्याकडे न्यावं. आणि नेताना गाडी आदल्या रात्री तिथं ठेवून यावी, म्हणजे सकाळी पहिला सूर मेकॅनिकच्या कानावर पडतो. हल्ली लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेतात. आवाज कसा आहे ते त्यातून कळतं, कुठून येतो ते कळत नाही.

कल्याणपासून कर्जतच्या बाजूला निघालं, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं एकामागून एक लागतात. गाण्यात जशी घराणी, तशी या टापूत मला मोटार-निदानाची तीन घराणी आढळली. घराण्याचं नाव गावावरून पडतं म्हणून मी तीच नावं वापरतो. एका गावातला सगळा माणूस एकाच घराण्याचा असतो असा याचा अर्थ नाही. किराणा घराण्याचं सगळं गाणं काही किराण्यात होत नाही.

पहिलं उल्हासनगर घराणं. हे बदलीचं घराणं. "साई, बॉनेट खोलो," म्हणून सुरुवात होते. आवाज ऐकायच्या आधीच निदान झालेलं असतं आणि निदानाच्या आधी पोरगा दुकानात पळालेला असतो. पाच मिनिटांत तो पट्टा घेऊन येतो, दहा मिनिटांत तो बसतो. आमचा पट्टाही असाच बसला. माझ्या हातात जुना पट्टा देऊन मेकॅनिक म्हणाला, "ये देखो साई, खतम." मी पाहिलं. पूर्वीच्या पट्ट्यांना वय झालं की भेगा पडत. आताच्या पट्ट्यांचं रबर वेगळं असतं, ते भेगा न पडता झिजतं, त्यामुळं नुसत्या डोळ्यांनी कळणं अवघड. मेकॅनिकला कळलं होतं. की न कळताही चाललं होतं? चौदाशे रुपये झाले आणि तीन दिवस गाडी गप्प राहिली. चौथ्या दिवशी, चतुर्थीच्या मुहूर्तावर, तोच सूर, तीच पट्टी. नव्या पट्ट्याच्या कडा कोऱ्या असतात, म्हणून वाकडी पुलीसुद्धा त्याला चार दिवस सांभाळून घेते. नव्या सुनेचं पहिल्या आठवड्यातलं कौतुक असतं तेच हे.

पण समीक्षकानं नुसते दोष दाखवू नयेत. या घराण्याचं एक मोठं बळ आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडली. १९४९ साली, राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, त्या छावणीचं उल्हासनगर झालं. छावणीची आठवण एक ते पाच नंबरांच्या कँपांत अजून शिल्लक आहे. घरदार, शेतीवाडी, दुकान, सगळं मागं ठेवून ज्यांनी कोऱ्या जमिनीवर पुन्हा मांडामांड केली, त्यांच्या बाजारात जुन्या वस्तूला कवटाळून रडण्याची रीत नसणार. गेलं ते गेलं, नवं आण, धंदा चालू ठेव. इथं मिळत नाही अशी वस्तू नाही. 'मेड इन यूएसए'तला यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्रानं केला, आणि करता करता वस्तू तिथूनच विकत घेतल्या. अडल्या वेळी रात्री आठ वाजता पट्टा मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. उणीव एवढीच, की या गायकीत आलाप नाही. थेट द्रुत.

दुसरं बदलापूर घराणं. जुन्या काळी प्रवासात इथं घोडे बदलत, म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं, असं सांगतात. खरं असेल तर मोटार-निदानाच्या इतिहासातली ती फार सोपी अवस्था होती. घोडा धापा टाकू लागला की त्याला काय झालं हे शोधायचं नाही, दुसऱ्यावर खोगीर चढवायचं. मी गेलो ते वर्कशॉप मात्र अगदी अद्ययावत होतं. एसी, काचेचं दार, आणि इस्त्रीच्या कपड्यांतला तरुण, ज्याच्या नखात ग्रीस नव्हतं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगखालच्या खोबणीत वायर खुपसली आणि टॅबलेटकडे बघत म्हणाला, "सर, कोड काही नाही."

"पण आवाज येतोय."

"सिस्टिममध्ये नाही दाखवत, सर."

म्हणजे आवाज माझ्या कानात होता, गाडीत नव्हता! या यंत्राबद्दल माझा आकस नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना अशी खोबण सक्तीची झाली, पुढं आपल्याकडेही आली, आणि जे रोग मुके असतात ते तिनं बोलके केले. एखादं सिलिंडर मधूनच दांडी मारतं, धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर झोपी जातो. असल्या गोष्टी जगातल्या कुठल्याही उस्तादाच्या कानाला कळणार नाहीत. पण यंत्राला जिथं तारा पोचल्या आहेत तेवढंच कळतं. बापड्या पुलीला कुणी तार जोडलेली नसते. इंजिनाला स्वतःचा एक कान असतो, नाही असं नाही. नॉक सेन्सर म्हणतात त्याला. तो इंजिनाच्या अंगाला चिकटून रात्रंदिवस ऐकत असतो. पण ऐकतो फक्त सिलिंडरमधला अवेळी होणारा भडका. बाकी गाडी गळा काढून रडली तरी त्याला गम्य नाही. असे समीक्षक वाङ्मयातही आहेत. त्यांना एकच दोष ओळखता येतो, आणि तो ज्या पुस्तकात नसेल ते पुस्तक त्यांच्या लेखी निर्दोष असतं.

शेवटी तरुणानं तोडगा सांगितला. "सर, सेफ साइडला आल्टरनेटर असेंब्ली आणि टेन्शनर दोन्ही करून घ्या. साधारण बावीस हजार." आवाज कशाचा आहे हे कळायच्या आत तो कशाकशाचा असू शकेल त्या साऱ्याची किंमत झाली होती. घोडा बदला!

आता तिसरं, अंबरनाथ घराणं. हे मूळचं कारखान्यांचं गाव. ऑर्डनन्स फॅक्टरी, काडेपेट्यांची विमको, पुढं एमआयडीसी. ज्या माणसाची उमेद मशीन शॉपमध्ये गेली, त्याला शंभर लेथांच्या गोंगाटातून आपल्या लेथचं बेअरिंग कण्हताना ऐकू येतं. आमचे मिस्त्री असेच, कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढून पुढं छोटं गॅरेज टाकलेले. गॅरेज म्हणजे दोन पत्रे, एक विहिरीसारखा खड्डा आणि चहाचं थर्मास. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "साहेब, थांबा. आधी आवाज काढून दाखवा."

"गाडी चालू करू?"

"गाडी नंतर. तुम्ही काढून दाखवा."

मी इकडं तिकडं पाहिलं आणि चिवचिवलो. मिस्त्री हसले नाहीत. "रेस दिली की वाढतो का कमी होतो? एसी लावला की? क्लच दाबला की? पूर्ण स्टिअरिंग कापलं की?" एकेक प्रश्न म्हणजे एकेक आरोपी सुटत होता. एसी लावल्यावर बदलला तर कॉम्प्रेसर, क्लच दाबल्यावर बदलला तर क्लचचं बेअरिंग. माझ्या गाडीचा आवाज यातल्या कशानंही बदलत नव्हता. मग गाडी रात्रभर तिथंच ठेवायची आज्ञा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग झाला. मिस्त्रींनी आधी बाह्या वर सारल्या, गळ्यातला पंचा काढून ठेवला (चालू पट्ट्याजवळ लोंबणारं काहीही असू नये, हा पहिला नियम) आणि गाडी सुरू करायला सांगितली. चिवचिव सुरू झाली. त्यांनी बाटलीतून पट्ट्याच्या रेघांच्या अंगाला पाण्याचा बारीक फवारा मारला. आवाज थांबला. मी टाळी वाजवणार होतो, तर त्यांनी बोट वर केलं. चार-पाच सेकंदांत आवाज परत आला, पहिल्यापेक्षा खणखणीत.

"पाणी मारल्यावर लगेच वाढला असता तर पट्टा ढिला," मिस्त्री म्हणाले. "हा थांबला आणि परत आला. म्हणजे पुली वाकडी."

मग त्यांनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक एकेका पुलीच्या मागच्या स्थिर भागावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वैद्यकात हेच घडलं होतं. व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरानं छातीवर बोटांनी ठोकून आतलं ओळखायची रीत १७६१ साली छापली. बाप खानावळवाला होता, दारूची पिंपं ठोकून किती भरलीत ते पाही, त्यावरून मुलाला सुचलं म्हणतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकनं कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर त्याच कुळातला. दोष सांगायचा तर या घराण्याला वेळ फार लागतो, मधे कारखान्यातल्या १९८२ सालच्या गोष्टी ऐकाव्या लागतात, आणि धातूतून आवाज सगळीकडे पसरत असल्यामुळं कान फसूही शकतो. म्हणून मिस्त्रींनी कानावर विसंबून न राहता पट्टा उतरवला, अर्धंच मिनिट इंजिन चालवलं (पट्ट्याविना जास्त चालवायचं नसतं), आवाज बंद झाल्याची खात्री केली, एकेक पुली हातानं फिरवली. बेअरिंगं सगळी ठणठणीत. मग पुल्यांच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि मला म्हणाले, "या, बघा."

मधल्या पुलीशी पट्टीखालून उजेडाची एक रेघ दिसत होती. केसाएवढी. त्या पुलीच्या बोल्टामागं वॉशर नव्हता.

आमच्या गावात शके ९८२ सालचं, म्हणजे १०६० मधलं, शिलाहारांच्या वेळचं शिवमंदिर आहे. दगडावर दगड, सांध्याला सांधा, आणि साडेनऊशेहून अधिक वर्षं झाली तरी कुरकुर नाही. पाथरवटानं प्रत्येक दगड बसवण्यापूर्वी पट्टी आडवी धरून उजेड पाहिला असणार. अलाइनमेंट अलाइनमेंट म्हणतात ती हीच.

मिस्त्रींनी वॉशर टाकला, बोल्ट आवळला, पट्टा चढवला. गाडी सुरू केली. शांतता!

"किती झाले?"

"वॉशरचे दोन रुपये द्या."

आता एक जुनी गोष्ट तुम्हाला आठवली असेल. बंद पडलेलं मोठं यंत्र, तज्ज्ञ येतो, एक ठोका मारतो, आणि बिल लावतो: ठोका मारण्याचा एक रुपया, कुठं मारायचा हे ठाऊक असण्याचे नऊशे नव्व्याण्णव. ही गोष्ट सांगताना लोक खुशीत असतात. मला तिच्यात एक मोठा दोष दिसतो. तिच्यात त्या माणसाला पैसे मिळतात. प्रत्यक्षात बिलाच्या पुस्तकात दोनच रकाने असतात, सामान आणि मजुरी. मजुरी म्हणजे किती वेळ पाना फिरवला. डॉक्टरनं छाती तपासून "काही नाही, घरी जा" म्हटलं तर आपण आनंदानं फी देतो. मेकॅनिकनं तेच म्हटलं तर विचारतो, "मग केलंत काय?" आपण सामानाचे पैसे देतो, म्हणून आपल्याला सामान मिळतं. न लागणारा पट्टा आणि न लागणारा आल्टरनेटर विकणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. पण त्याला लबाड व्हायला जागा आपणच करून दिलेली असते, ऐकण्याचं मोल शून्य ठेवून.

मराठीत घडणावळ आहे. सोनाराला सोन्याच्या किमतीवर घडणावळ देताना कुणाचा हात आखडत नाही. तशी ऐकणावळ का नसावी? मी मिस्त्रींना म्हटलं, "बाहेर पाटी लावा. ऐकणावळ शंभर रुपये."

"साहेब, गिऱ्हाईक पाटी वाचून पुढं जाईल," ते म्हणाले. "ऐकायचे कसले पैसे? पोराला चांगला कान आहे. माझ्यापेक्षा चांगला. लहानपणी खड्ड्यात बसून बोट दाखवायचा, इथून येतोय म्हणून. आता मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. महिन्याला किती पार्ट लावले त्यावर इन्सेंटिव्ह मिळतो. ऐकत बसला तर टार्गेट चुकतं." आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

या वाक्यावर मला समीक्षकाच्या नात्यानं काही बोलता येईना. कारण आमच्याही धंद्यात हेच आहे. पुस्तकाचं परीक्षण लिहिल्याचे पैसे मिळतात. पुस्तक वाचल्याचे कुणी देत नाही. मग वाचन मागं पडतं आणि परीक्षणं वेळेवर छापून येतात. कोड काही नाही, सर.

मी शंभराची नोट आणि वर दोन रुपये मिस्त्रींच्या हातात ठेवले. ते नोट घेईनात. बरीच ओढाताण झाली. शेवटी मी म्हटलं, फुकटचे नकोत ना, मग पावती द्या. माणूस सरळ, पावती द्यायची तर पुस्तकातल्या रकान्यातच लिहायला हवं, आणि पुस्तकात ऐकण्याचा रकाना नाही. त्यांनी बराच विचार केला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहून दिलं: "वॉशर, १ नग, रु. १०२."

पावती मी जपून ठेवली आहे. पुढंमागं कुणी संशोधक ती पाहील आणि लिहील, की त्या काळी अंबरनाथला वॉशर अतोनात महाग होते.